पॅकेज अपडेट झालं, पण चालू कोणतं आहे?

अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना असो, होटगी रोडवरचं रुग्णालय असो की नवी पेठेतलं कर सल्लागाराचं ऑफिस, कपाटाशेजारी एक डबा, म्हणजे सर्व्हर, दिवसरात्र घरघरत असतो. त्यावर उबंटू किंवा डेबियन हे लिनक्स, बिलिंगचं सॉफ्टवेअर, डेटाबेस, सगळ्यांच्या फाइल्स. बसवून देणारा मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेलेला असतो आणि मागे एकच सूचना राहिलेली असते: "चालतंय ना, मग हात लावू नका." ही सूचना धोक्याची आहे. सर्व्हरवर काहीही बदललं नाही तरी त्यातल्या प्रोग्राममधली चूक आज ना उद्या जाहीर होते. जाहीर झाली की ती शोधणाऱ्या स्क्रिप्ट इंटरनेटवरचे पत्ते एकामागून एक चाळतात, आणि त्यांना सोलापूर काय नि सिंगापूर काय, सारखंच.

अपडेटची आज्ञा देणं सोपं आहे. ते खरोखर लागू झालं का, आणि कशाकशाला लागूच होत नाही, हे ओळखण्यात खरं काम आहे.

सगळ्यात जास्त गोंधळ आवृत्तीच्या आकड्यावरून होतो, म्हणून तो आधी. १ जुलै २०२४ ला दूरवरून लॉगिन करू देणाऱ्या ओपनएसएसएचमधली एक गंभीर चूक जाहीर झाली; तिचा सीव्हीई (जाहीर चुकांच्या यादीतला) क्रमांक सीव्हीई-२०२४-६३८७. मूळ प्रकल्पाने ती ९.८ मध्ये दुरुस्त केली. पण उबंटू २२.०४ वर अपडेट केल्यानंतरही आकडा ८.९ च दिसतो आणि ऑडिट करणारा त्यावर लाल खूण करतो. यात बिघाड काहीच नाही. उबंटू-डेबियनसारखी स्थिर वितरणं (लिनक्सचे तयार संच) नवी आवृत्ती आणत नाहीत, फक्त दुरुस्तीचा तुकडा जुन्या आवृत्तीला जोडतात, म्हणजे तुमची सेटिंग्ज आणि सवयी मोडत नाहीत. म्हणून पुढचा आकडा न पाहता शेपूट पाहायचं. उबंटू २२.०४ वर ही दुरुस्ती "८.९पी१-३उबंटू०.१०" मध्ये आली, डेबियन १२ वर "९.२पी१-२+डेब१२यू३" मध्ये. पुरावा हवा असेल तर डेबियन-उबंटूवर पॅकेज सांभाळणाऱ्या अ‍ॅप्टची चेंजलॉग आज्ञा त्या पॅकेजवर चालवा; रॉकी किंवा अल्मा या वितरणांवर आरपीएम या तिथल्या पॅकेज-साधनाच्या चेंजलॉगमध्ये (बदलांच्या नोंदीत) सीव्हीई क्रमांक शोधा. तो उतारा ऑडिटवाल्याला दिला की विषय संपतो. लाल खुणेला घाबरून मूळ कोड उतरवून हाताने कंपाइल करणं हा सगळ्यात वाईट उपाय आहे. ती प्रत यूएसआर-लोकल या वेगळ्या फोल्डरमध्ये जाऊन बसते आणि त्यानंतर तिला अपडेट देणारं कोणीच उरत नाही.

आता रोजची व्यवस्था. "अ‍ॅप्ट अपडेट" फक्त यादी ताजी करतं, मशीनवर काहीही बदलत नाही. बदल "अपग्रेड" करतं. इथे एक बारकावा आहे: जुनी "अ‍ॅप्ट-गेट अपग्रेड" आज्ञा नवीन नावाचं पॅकेज बसवत नाही, आणि उबंटूचा नवा कर्नल (सिस्टीमचा गाभा) दर वेळी नव्या नावाने येतो. त्यामुळे वर्षानुवर्षे ती आज्ञा इमानाने चालवणाऱ्यांचा कर्नल "केप्ट बॅक" म्हणून तिथेच अडकून राहतो. नुसती "अ‍ॅप्ट अपग्रेड" नवी पॅकेजेस बसवते, पण काढत काही नाही. "फुल-अपग्रेड" गरज पडली तर काढतेही, म्हणून तिची यादी वाचल्याशिवाय होकार देऊ नका.

सुरक्षा-अपडेटं माणसाच्या आठवणीवर सोडू नयेत, हे माझं ठाम मत आहे. डेबियन-उबंटूवर "अनअटेंडेड-अपग्रेड्स" हे पॅकेज त्यासाठीच आहे; रॉकी-अल्मावर "डीएनएफ-ऑटोमॅटिक", ज्याच्या सेटिंगमध्ये अपग्रेडचा प्रकार "सिक्युरिटी" आणि "अप्लाय अपडेट्स" ला "येस" करावं लागतं. दुसरं विसरलं तर ते पॅकेजेस उतरवतं किंवा नुसतं कळवतं, लावत काहीच नाही. डेबियन बाजूला "५०अनअटेंडेड-अपग्रेड्स" या फाइलमध्ये कोणत्या भांडारातून (पॅकेजेस जिथून उतरतात त्या जागेतून) आपोआप घ्यायचं ते लिहिलेलं असतं. वितरणाचं सुरक्षा-भांडार त्यात असतंच. पण तुम्ही पीएचपी, नोड किंवा डॉकरसाठी बाहेरचं भांडार जोडलं असेल तर ते तिथे नसतं आणि त्यातली पॅकेजेस आपोआप कधीच अपडेट होत नाहीत. "अ‍ॅप्ट-कॅश पॉलिसी" चालवा, त्या भांडाराच्या ओळीत "ओ=" पुढे जे नाव दिसेल ते या यादीत घाला आणि ड्राय-रन, म्हणजे काही न बसवता चाचणी, करून पाहा. बाहेरच्या भांडाराची सही जुळत नाही अशी चूक आली तर नवी किल्ली त्यांच्या अधिकृत ठिकाणाहून आणून "साइन्ड-बाय" ने त्याच एका भांडाराला बांधा. "ट्रस्टेड=येस" लिहून चूक गप्प करणाऱ्या सल्ल्यांकडे वळू नका. त्या ओळीने पॅकेज खरं कोणाकडून आलं हे तपासणंच बंद होतं.

वेळेचाही प्रश्न आहे आणि आपल्याकडे तो जरा निराळा पडतो. डेबियन-उबंटूवर हे आपोआप होणारं अपग्रेड सकाळी ६ ला ठरलेलं असतं, त्यात ६० मिनिटांपर्यंत उशीर. पण टायमर "पर्सिस्टंट" आहे: मशीन तेव्हा बंद असेल तर चुकलेलं काम मशीन सुरू झाल्यावर करतो. बऱ्याच ऑफिसांत रात्री मेन स्विच पाडून जायची पद्धत आहे. मग सकाळी दहाला काउंटर उघडतो, बिलं सुरू होतात आणि नेमका तेव्हाच मारियाडीबी हा डेटाबेस अपडेट होऊन रीस्टार्ट होतो. दोष अपडेटचा नाही, मेन स्विचचा आहे. सर्व्हरची लाइन वेगळी काढा, किंवा "सिस्टीमसीटीएल एडिट" ने टायमरची वेळ बदला. बदलताना आधी "ऑनकॅलेंडर=" ही ओळ रिकामी लिहायची आणि खालच्या ओळीत नवी वेळ द्यायची. रिकामी ओळ लिहायची राहून गेली की जुनी वेळही कायम राहते आणि काम दोनदा सुटतं.

बसवलं आणि लागू झालं यात फरक असतो. लिनक्समध्ये चालू प्रोग्रामने वाचलेली लायब्ररी डिस्कवर बदलली तरी मेमरीत जुनीच राहते. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीतली हार्टब्लीड चूक आली तेव्हा पॅकेज बदलूनही वेब सर्व्हर रीस्टार्ट न केलेली मशीनं आधीइतकीच उघडी राहत होती. आजही नियम तोच आहे. "नीडरीस्टार्ट" हे साधन कोणती सेवा जुनी लायब्ररी धरून बसली आहे ते सांगतं. ते नसेल तर "एलएसओएफ" च्या यादीत "डीईएल" खूण असलेल्या लायब्ररी शोधा. कर्नलसाठी "यूनेम -आर" चा आकडा आणि बूट फोल्डरमधला सगळ्यात नवा आकडा शेजारी ठेवून पाहा. उबंटूवर रन फोल्डरमध्ये "रीबूट-रिक्वायर्ड" नावाची फाइल तयार होते, रॉकीवर "नीड्स-रीस्टार्टिंग -आर" विचारता येतं. नीडरीस्टार्टमध्येच नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच चुका निघाल्या होत्या, ज्यांतून साधा वापरकर्ता रूट (मशीनचा सर्वाधिकारी) होऊ शकत होता. तेव्हा पहारेकऱ्यालाही अपडेटच्या यादीत ठेवा. लाइव्हपॅच (चालू कर्नललाच दुरुस्ती जोडणारी सोय) चालू असेल तर कर्नलमधल्या काही चुका रीबूटशिवाय भरतात, पण जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) किंवा ओपनएसएसएलला त्याचा उपयोग नाही.

म्हणून रीबूटची वेळ ठरलेली हवी. आपोआप रीबूट मूळ सेटिंगमध्ये बंद असतं. चालू करून वेळ देता येते. पहाटे दोन ही सगळीकडे सुचवली जाणारी वेळ सोलापूर जिल्ह्यात डोळे मिटून घेऊ नका. साखर कारखान्याचा वजनकाटा गाळप हंगामात रात्रभर चालतो, रात्री उसाच्या ट्रॉल्यांची रांग असते. रुग्णालयाला रात्र नसतेच. अशा ठिकाणी पाळी बदलतानाची वेळ लेखी ठरवा, काट्यावरच्या माणसाला आधी सांगा, आणि हंगामाआधी सगळी मोठी कामं उरकून हंगामात फक्त सुरक्षा-अपडेटं ठेवा.

रीबूटची भीती बहुतेक वेळा "एफएसटॅब" मुळे, म्हणजे कोणती डिस्क कुठे जोडायची ते लिहिलेल्या फाइलमुळे, खरी ठरते. कधीतरी बॅकअपसाठी यूएसबी डिस्क जोडली, तिची ओळ तिथे लिहिली, नंतर डिस्क घरी नेली. पुढच्या रीबूटला मशीन त्या डिस्कची दीड मिनिट वाट पाहतं आणि इमर्जन्सी मोडमध्ये थांबतं; दूरवरून लॉगिनही होत नाही. त्या ओळीत "नोफेल" लिहिलं की प्रश्न मिटतो. रीबूटआधी "माउंट -ए" चालवून पाहिलं तर अशा बऱ्याच चुका तिथेच उघड्या पडतात.

वीज जाणं हा आपला दुसरा शत्रू. अपडेट चालू असताना वीज गेली तर डीपीकेजी, म्हणजे पॅकेज प्रत्यक्ष बसवणारं साधन, अर्धवट थांबतं. मशीन सुरू झाल्यावर आधी "डीपीकेजी --कॉन्फिगर -ए", मग "अ‍ॅप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल". कर्नल बसताना गेली असेल तर नवा कर्नल उठणार नाही. ग्रब या सुरू होतानाच्या मेनूच्या "अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स" मधून जुना निवडा, "अपडेट-इनिटरामएफएस" सगळ्या कर्नलांसाठी चालवा, मग "अपडेट-ग्रब". यासाठीच एक जुना कर्नल नेहमी शिल्लक हवा. उलट खूप साठले तर वेगळं काढलेलं बूट विभाजन भरतं आणि अपडेट अर्ध्यात मोडतं. तेव्हा तिथल्या फाइली हाताने उडवू नका, "अ‍ॅप्ट ऑटोरिमूव्ह --पर्ज" करा. हाताने उडवल्या तर डीपीकेजीच्या लेखी ते पॅकेज अजून आहे आणि पुढच्या प्रत्येक अपडेटला ते रडतं. दूरवरून काम करत असाल तर टीमक्समध्ये करा; ते सत्र सर्व्हरवरच चालू ठेवतं. ब्रॉडबँड तुटलं तरी अपग्रेड चालू राहतं.

मधेच एखादी सेटिंग फाइल बदलू का असं विचारलं आणि तुम्ही ती हाताने सुधारलेली असेल, तर जुनी ठेवा आणि शेजारी पडलेली "डीपीकेजी-डिस्ट" फाइल नंतर वाचा. रॉकीवर तीच "आरपीएमन्यू" नावाने येते. नव्या आवृत्तीत सुरक्षेची एखादी ओळ वाढलेली असू शकते.

आता अ‍ॅप्टला जे दिसतच नाही ते. पिपने बसवलेलं पायथन, एनपीएमचं सामान, वर्डप्रेसचे प्लगइन, विक्रेत्याने दिलेली जार (जावा प्रोग्रामची) फाइल. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावाच्या लायब्ररीतली चूक निघाली तेव्हा अडचण हीच होती: ती लायब्ररी दुसऱ्या जारच्या पोटात दडलेली होती आणि पॅकेजच्या यादीत नाव नव्हतं. प्रोग्राम कंटेनर नावाच्या बंद डब्यात चालवणाऱ्या डॉकरचंही तसंच. यजमान मशीन कितीही अपडेट करा, कंटेनरमधलं डेबियन इमेज बनली त्या दिवशीचंच राहतं. तयार इमेज असेल तर "पुल" करून कंटेनर नव्याने उभा करा. स्वतः बनवत असाल तर "--पुल" आणि "--नो-कॅश" लावून बांधा, नाहीतर जुने थर तसेच वापरले जातात. महिन्यातला एक दिवस या कामाला द्या. सॉफ्टवेअर विक्रेत्याला एक प्रश्न लेखी विचारा: तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणत्या लायब्ररी कोणत्या आवृत्तीच्या आहेत?

मग सगळ्यात नवं तेच बसवावं का? नाही. २९ मार्च २०२४ ला एक्सझेड या साध्या कॉम्प्रेशन साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये मुद्दाम घुसवलेलं मागचं दार आंद्रेस फ्रॉइंड यांनी उघडकीला आणलं. डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबल शाखांत ते पोचलं होतं, स्थिर शाखेत नाही. सर्व्हरला स्थिर शाखा आणि तिच्यावर त्वरित सुरक्षा-दुरुस्त्या, एवढंच पुरतं.

पण स्थिर शाखेलाही मुदत असते. सेंटओएस ७ या वितरणाची ३० जून २०२४ ला संपली. उबंटू २०.०४ ची साधी मुदत मे २०२५ मध्ये संपली. उबंटू प्रो ही वाढीव सेवा जोडली तर पुढे दुरुस्त्या मिळतात आणि वैयक्तिक वापरासाठी पाच मशीनांपर्यंत ते मोफत आहे. २२.०४ ला एप्रिल २०२७ पर्यंत वेळ आहे. मुदत संपलेलं मशीन फसवं असतं. रोज अपग्रेड चालवा, "० पॅकेजेस" असं उत्तर येतं आणि सगळं ठीक वाटतं, पण दुरुस्त्या यायच्याच थांबलेल्या असतात.

सेंटओएस ७ वरून हलताना जागेवर अपग्रेड करण्यापेक्षा नव्या डिस्कवर अल्मा किंवा रॉकी बसवून डेटा नेणं मला बरं वाटतं. पोस्टग्रेस हा डेटाबेस असेल तर डम्प (सगळ्या डेटाची उतरवलेली प्रत) घेऊन नव्या मशीनवर भरा. डेटाची फोल्डर जशीच्या तशी उचलून ठेवली तर एक बारीक सापळा आहे: सेंटओएस ७ मध्ये जीलिबसी २.१७ आहे, आणि २.२८ पासून अक्षरांच्या क्रमवारीचे नियम बदलले. पूर्वी "११" आधी आणि "१-१" नंतर यायचं, आता उलट. इंडेक्स (शोधासाठीच्या सूची) जुन्या क्रमाने बांधलेले, शोध नव्या क्रमाने. मग आडवी रेघ असलेला बिल क्रमांक टेबलात असूनही सापडत नाही आणि एकाच क्रमांकाची दोन बिलं युनिक इंडेक्समधून निसटतात. चूक म्हणून काही दिसतही नाही. फोल्डर उचललीच असेल तर काउंटर उघडण्याआधी प्रत्येक डेटाबेसवर "रीइंडेक्स" चालवा. युनिक इंडेक्सवर ते अडलं, तर दुबार नोंदी आधीच शिरल्या आहेत. त्या हिशेबनिसासोबत बसून मिटवा आणि मग पुन्हा चालवा.