बाबांची मेथी, दालचिनी आणि लपवलेल्या गोळ्या

बाबांना टाइप टू डायबिटीस होऊन नऊ वर्षं झाली आणि तेव्हापासून आमच्या मिसळणाच्या डब्यातला एकेक जिन्नस औषध होत चाललाय. मध्यंतरी दालचिनीचा नंबर लागला. फॅमिली ग्रुपवर कुणीतरी टाकलं, रोज चमचाभर दालचिनी गरम पाण्यातून, शुगर गायब! बाबांनी तीन आठवडे घेतली आणि हळूच रात्रीची मेटफॉर्मिन, म्हणजे डायबिटीसची गोळी, बंद केली, ते आम्हाला कधी कळलं तर कपाट आवरताना भरलेली स्ट्रिप सापडली तेव्हा.

मग मी बसून वाचलं. 2003 मध्ये पाकिस्तानातल्या 60 पेशंटचा एक अभ्यास छापून आला होता, रोज 1, 3 किंवा 6 ग्रॅम दालचिनी, 40 दिवस, आणि उपाशीपोटीची शुगर 18 ते 29 टक्के उतरली. ऐकायला भारीच आहे. पण नंतर कुठे फरक दिसला कुठे नाही, आणि 2012 ला कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने सगळे अभ्यास एकत्र तपासले तर डायबिटीससाठी दालचिनी घ्या असं सांगण्याइतका पुरावाच नाही निघाला. त्यात किराणावाल्याकडची जाड साल बहुतेकदा कॅशिया, म्हणजे दालचिनीची भावकी असते, तिच्यात कुमारिन नावाचं रसायन जास्त, रोज चमचा चमचा पोटात गेली तर लिव्हरला त्रास होऊ शकतो. खरी दालचिनी पातळ, कागदाच्या सुरळीसारखी. दापोली कृषी विद्यापीठाची 'कोकण तेज' ही जात तीच, मामाच्या परसात झाड आहे आणि आम्ही इथे कॅशिया उकळतोय!

मेथीबद्दल मात्र बाबांचं अगदीच चूक नाही. दाणे भिजवले की बुळबुळीत होतात ना, तो त्यातला फायबर, त्याने जेवणातली साखर रक्तात सावकाश उतरते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत यावर बरंच काम झालंय, पण तिथे दिवसाला 25 ग्रॅम आणि काही अभ्यासांत तर 100 ग्रॅमपर्यंत मेथी दिली होती, फोडणीतले दहा दाणे नव्हे. हे सांगितल्यावर बाबांनी काट्यावर मोजून 25 ग्रॅम भिजवले, दोन दिवस पोट धरून बसले, आता एक चमच्यावर आलेत. डॉक्टरबाईंनी तेवढ्याला हरकत घेतली नाही, गोळीवरून मात्र चांगलंच झापलं.

परवा एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट आली, 8.1 वरून 7.4. बाबा म्हणतात मेथी, आई म्हणते गोळी, आणि रात्रीचा भात निम्मा झालाय त्याचं कुणी नाव काढत नाही.