चौदा सह्या

शनिवार, १ फेब्रुवारी

शाळेतल्या गाईडची मीटिंग संपली, ध्वज उतरवून घडी करून ठेवला, मुली सायकल स्टँडकडे पांगल्या. कमळ संघाची नायिका, म्हणजे त्या छोट्या गटाची प्रमुख मुलगी, तेवढी थांबली. दप्तराच्या पुढच्या कप्प्यातून तिने प्रथम सोपानाचा, म्हणजे गाईडच्या पहिल्या पायरीचा, बॅज काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. घरून बाहीची शिवण उसवूनच आणला होता. कडेला दोऱ्याचे बारीक तुकडे अजून चिकटलेले होते.

"मॅडम, हा मला मिळायला नको होता. मला येत नव्हतं."

मी तिला काही बोलू शकले नाही. "बरं, ठेव," एवढंच म्हणाले. ती सॅल्यूट करून गेली. बॅज आता इथे माझ्यासमोर आहे, डायरीच्या शेजारी.

तिला काय म्हणायचंय ते मला कळलंय. १९ जानेवारीची नाशिकजवळच्या रामशेजची हाईक. संभाजीराजांच्या काळात मुघलांच्या फौजेला वर्षानुवर्षं दाद न देणारा हा किल्ला चढायला तसा सोपा, म्हणूनच लहान मुलींसाठी निवडला होता. उतरताना पायथ्याच्या आशेवाडीच्या अलीकडे मोगरा संघातली सहावीतली मुलगी मुरमावरून घसरली आणि हातावर पडली. मनगट बघता बघता सुजलं. कमळची नायिका सगळ्यात जवळ होती. मी पाच पावलं मागे होते आणि मुद्दाम पुढे झाले नाही, कारण तिच्या प्रगतिपत्रकात प्रथमोपचारासमोर माझी सही होती. म्हटलं, हिला येतं, करू दे.

तिने गळ्यातला स्कार्फ काढला, वॉगल (स्कार्फ अडकवायची कडी) खिशात टाकलं, स्कार्फ उलगडला. तिथेच अडली. त्रिकोणाचं टोक कोपराकडे घ्यायचं की मनगटाकडे, तिला आठवेना. कशीबशी झोळी केली आणि मानेशी गाठ मारली, पण दोन्ही वेळा उजवंच टोक डाव्यावर नेलं. पहिल्यांदा उजवं डाव्यावर नेलं तर दुसऱ्यांदा डावं उजव्यावर न्यायचं, तेव्हा ती सपाट गाठ होते आणि अंगाला न टोचता बसते. दोन्ही वेळा एकच बाजू घेतली की गाठ आडवी पडते आणि ओढ आली की सरकते. तशीच ती सरकली, आणि लहानीचा हात झोळीसकट खाली आला. ती कळवळली. नायिकेने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

मग मी बांधली झोळी. हात कोपरापेक्षा जरा वर, गाठ गळपट्टीच्या हाडावरच्या खोलगट जागेत. खाली आल्यावर दवाखान्यात एक्स-रे काढला, हाड शाबूत होतं, नुसतं मुरगळलं होतं. आठवड्यात ती मुलगी हसत वर्गात आली. सगळ्यांच्या दृष्टीने प्रकरण तिथेच मिटलं होतं.

तिच्या पत्रकावरची माझी सही कशी झाली, ते आज लिहायलाच हवं. गेल्या वर्षी पुढच्या सोपानाचे फॉर्म पाठवायची शेवटची तारीख होती. शाळेत स्नेहसंमेलनाची धावपळ, मला नववीच्या पेपर तपासणीचा ढीग. एका दुपारी स्टाफरूममध्ये बसून मी चौदा मुलींची पत्रकं पुढे ओढली आणि वरपासून खालपर्यंत सह्या केल्या. गाठी, प्रथमोपचार, सत्कृत्यांची डायरी, सगळं. शिकवलं होतं, हे खरं. प्रत्येकीकडून करून घेतलं होतं का? नाही. 'येतच असेल' असं धरून चालले. बहुतेक जण असंच करतात हेही मला माहीत होतं, आणि त्याचाच आधार मी मनातल्या मनात घेतला होता.

गाईडचा पहिलाच नियम: गाईड विश्वसनीय असते. दीक्षाविधीला तीन बोटं वर करून ती माझ्यासमोर वचन घेते. त्या वचनाच्या दुसऱ्या टोकाला मी उभी असते.

शनिवार, ८ फेब्रुवारी

आज कोर्ट ऑफ ऑनर बोलावलं. माझ्या कंपनीचं, म्हणजे शाळेच्या गाईड पथकाचं, गेल्या दोन वर्षांतलं हे पहिलंच. नियमाप्रमाणे ते चालतं राहायला हवं होतं. संघनायिका बसतात, त्यांच्यातलीच एक अध्यक्ष होते, एक इतिवृत्त लिहिते, आणि कॅप्टन, म्हणजे मी, सल्ला देण्यापुरती हजर असते. मी आजवर हे सगळं स्वतःच उरकत आले. कोणाला बॅज, कोण उशिरा आली, हाईकला कुठे जायचं, कोणी काय आणायचं, सगळं मीच ठरवून फळ्यावर लिहायची. काम पटकन व्हायचं. मुली शिस्तीत उभ्या राहायच्या. पाहुणे आले की कौतुक करायचे.

आज लाकडी बाकं चौकोनात लावली. मी आधी उभी राहून सांगितलं की चौदा सह्या मी न तपासता केल्या. हे म्हणायला मला रात्रभर तयारी करावी लागली होती. म्हणून झाल्यावर कोपऱ्यातल्या बाकावर जाऊन बसले.

पुढे चारही नायिकांमध्ये काय बोलणं झालं ते मी इथे लिहिणार नाही. कोर्ट ऑफ ऑनरमधलं बोलणं बाहेर न्यायचं नसतं, आणि रोजनिशी असली तरी ती बाहेरच. निर्णय तेवढा सांगण्यासारखा आहे, कारण तो सूचना फलकावर लागलाय: चौदाही जणींनी बॅज उतरवून ठेवायचे, २२ तारखेला एकेकीची चाचणी, आणि तोवर संघाच्या कोपऱ्यात नायिकेने आपल्या संघाकडून तयारी करून घ्यायची. बॅज उतरवायची कल्पना माझी नव्हती.

घरी येताना होळकर पुलावर सिग्नलला थांबले होते. प्रशिक्षणात ऐकलेलं आठवत राहिलं. १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या किनाऱ्याजवळच्या ब्राउनसी बेटावर स्काऊट चळवळीचा संस्थापक बेडन-पॉवेल याने पहिलं शिबिर घेतलं तेव्हा मुलं अवघी वीस होती. बड्या घरच्या शाळांमधली काही, कामगारांच्या घरातली काही. त्यांच्या चार टोळ्या केल्या आणि प्रत्येक टोळी तिच्यातल्याच एका मुलाच्या ताब्यात दिली. एवढ्या वीस पोरांना एका लष्करी अधिकाऱ्याने स्वतः सांभाळणं काय अवघड होतं? तरी त्याने टोळ्या केल्या. सहा ते आठ जणींचा संघ, त्याची नायिका, तिची सहनायिका, संघाचा स्वतःचा कोपरा: हे सगळं मी आजवर रांगा लावायची सोय म्हणून वापरलं. संघाला ध्वज होता, नाव होतं, आरोळी होती, काम मात्र काहीच नव्हतं.

आणि मुलींच्या बाबतीत तर जास्तच लागतं ते मला. १९०९ साली लंडनमध्ये क्रिस्टल पॅलेसला स्काऊटचा मेळावा भरला, तेव्हा काही मुली बोलावणं नसताना स्काऊटचा वेश करून तिथे हजर झाल्या. आम्हालाही यायचंय, म्हणाल्या. त्यातून पुढच्या वर्षी गाईडिंग उभं राहिलं, आणि १९११ मध्ये आपल्याकडे जबलपूरला पहिली गाईड कंपनी निघाली. कोणी न बोलावता स्वतः पुढे झालेल्या मुलींची ही चळवळ. तिच्यात मी माझ्या मुलींना 'मॅडम, पुढे काय करू?' विचारायची सवय लावली.

शनिवार, १५ फेब्रुवारी

बारावीची परीक्षा सुरू झालीय, आमची शाळा केंद्र आहे. शिट्टी वाजवायची नाही, मोठ्याने आज्ञा द्यायची नाही. मीटिंग मागच्या मैदानात घेतली, सगळी हातांच्या खुणांवर. हात पसरून घोडनाल (घोड्याच्या नालेसारखी अर्धगोल रांग) दाखवली आणि बत्तीस मुली आवाज न करता घोडनालेत उभ्या राहिल्या. दोन वर्षं शिट्टीने जे होत नव्हतं ते आज झालं, कारण खूण चुकलेल्या लहानीला तिची नायिका कोपराने हलकेच जागा दाखवत होती. कडुलिंबाखाली संघांचे चार कोपरे पडले. मोगरा संघाने जुन्या ओढण्यांचे त्रिकोण कापून आणले होते. मी फिरत राहिले आणि विचारल्याशिवाय बोलले नाही. फार जड गेलं. एकीचा हात झोळीत पार खाली लोंबत होता, माझ्या जिभेवर आलं होतं, तेवढ्यात तिच्या सहनायिकेनेच तो वर घेतला.

नंतर एका मुलीचे वडील भेटायला आले. दिंडोरीकडे बाग आहे, द्राक्षतोडणीचे दिवस, मजूर सोडून आले होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं. पुढे गाईडचा राज्य पुरस्कार मिळाला तर दहावीला पोरीला उपयोग होईल, आता मिळालेला बॅज काढून घेतला तर एक वर्ष मागे पडेल. "मॅडम, तुमची सही आहे ना त्याच्यावर? मग आता पुन्हा कशाला?"

मी म्हटलं, सही आहे, पण ती खोटी आहे, भाऊ. तुमच्या मुलीची काही चूक नाही, माझी आहे.

ते गप्प झाले. मग म्हणाले, "तिला येत नसेल तर शिकवा तुम्ही. आम्हाला काय, कागद पाहिजे होता." जाताना मात्र चहा घेतला आणि एका मुलीला विचारलं, ही झोळी सापाच्या वेळी पण चालते का. तिने सांगितलं की सर्पदंशात चिरायचं-चोखायचं नाही, करकचून आवळायचंही नाही, हातपाय हलू न देता माणसाला लगेच दवाखान्यात न्यायचं. शेतावर राहणाऱ्या माणसाचा तो खरा प्रश्न होता. मला बरं वाटलं की तो त्यांनी मला न विचारता तिला विचारला.

उद्याची पांडवलेण्यांची हाईक रद्द केली, हेही नोंदवून ठेवते. सोबत येणाऱ्या सहकारी बाईंच्या सासूबाईंना संध्याकाळी दवाखान्यात न्यावं लागलं. दुसरं मोठं माणूस सोबत असल्याशिवाय मुलींना घेऊन बाहेर जायचं नाही, हे ठरलेलं. संमतिपत्रं गोळा झाली होती, परवानगीचं पत्र हातात होतं, डबे ठरले होते. लेणी तर इथे पाथर्डी फाट्याजवळ, तासाभराचं काम. मागच्या वर्षीची मी असते तर एकटी घेऊन गेले असते. पण मी एकटी आणि वीस मुली, त्यातली एक पडली तर? मी तिच्यासोबत दवाखान्यात जाणार की एकोणीस जणींजवळ डोंगरावर थांबणार? रामशेजला आम्ही दोघी होतो म्हणूनच त्या दिवशी मी लहानीला घेऊन पुढे निघू शकले होते. ते मला तेव्हा जाणवलंही नव्हतं. रात्री नऊपर्यंत फोन करत बसले. दोन-तीन मुली फोनवर रडल्या.

शनिवार, २२ फेब्रुवारी

आज चिंतन दिन. बेडन-पॉवेल आणि त्यांच्या पत्नी ओलेव्ह, दोघांचाही हाच वाढदिवस. दरवर्षी आम्ही फोटोला हार घालतो, भाषणं होतात. आज भाषणं नव्हती. प्रार्थना झाली, ध्वज फडकवला आणि चाचण्या सुरू केल्या.

एकेकीला आत बोलावलं. टेबलावर तीन मीटरची सुती दोरी, एक त्रिकोणी पट्टी, बाकी काही नाही. समोर मी आणि सहकारी बाई. प्रत्येकीला दहा-बारा मिनिटं लागली. चौदा जणींना तीन तास. गेल्या वर्षी हेच मी अर्ध्या तासात उरकलं होतं.

कमळच्या नायिकेची झोळी नीट बसली. गाठीच्या वेळी तिचे ओठ हलत होते, "उजवं डाव्यावर, डावं उजव्यावर". गाठ मारून झाल्यावर तिने टोकं धरून ओढून पाहिलं, मी सांगायच्या आत. सरकली नाही. मी सही केली आणि तारीख घातली. तो उसवलेला बॅज तीन आठवडे माझ्या डायरीत होता, तो परत दिला.

नाशिकचा सिंहस्थ २०२७ मध्ये येतोय. २००३ च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली तेव्हा मी कॉलेजात होते, आमच्या गल्लीत त्या संध्याकाळी कोणाच्या घरी चूल पेटली नव्हती. या वेळी यातल्या मोठ्या मुली सेवेला उभ्या राहायच्या म्हणतील. रामकुंडाच्या गर्दीत कोणी म्हातारी पडली तर ती मुलीच्या बाहीवरचा बॅज बघून हात पुढे करणार. सही करताना आज माझ्या डोळ्यांसमोर ती म्हातारी होती.

बारा जणी उत्तीर्ण. दोघींना बोलाइन (न सरकणाऱ्या फासाची गाठ) जमली नाही. एकीचा फास उलटा पडत होता, दुसरीची गाठ दिसायला बरोबर पण ओढल्यावर सुटली. त्यांच्या पत्रकावर सहीची जागा मी कोरी ठेवली. कोरी जागा ठेवताना हात थरथरला, कारण दोघी माझ्याकडे बघत होत्या. एकीचे डोळे भरले. ती द्राक्षबागवाल्यांची मुलगी. तिची नायिका बाहेर दाराशीच उभी होती. ती आत आली आणि विचारलं, "मॅडम, ही दोरी हिच्याकडे घरी देऊ का? पुढच्या शनिवारी आणते."

सामानाची नोंदवही काढली. तिने स्वतःच लिहिलं: दोरी, सुती, तीन मीटर, एक नग. तारीख २२ फेब्रुवारी. घेणारीची सही, त्याखाली संघनायिकेची. परतीचा रकाना रिकामा ठेवून वही माझ्याकडे सरकवली.