जुनी ड्रिलं, नवे सेल: चोपडा (जि. जळगाव) इथल्या कामाची नोंद

आजची स्थिती आधी सांगतो. १४.४ व्होल्टचं ड्रिल पूर्ण झालं आणि कामावर जायला लागलं. १२ व्होल्टचं ड्रिल कमरेला बांधायच्या बॅटरी पॅकवर चालू झालं. १८ व्होल्टची गोल करवत ॲडॅप्टरवर फिरते, पण पॅक उतरल्यावर मोटर बंद करणारा कट-ऑफ बसल्याशिवाय मी ती कुणाच्या हातात देणार नाही. ९.६ व्होल्टचा स्क्रू ड्रायव्हर खोलून, ग्रीस पुसून टेबलावर ठेवलाय.

चारही मशीन निकेल-कॅडमिअम बॅटरीच्या काळातली. मोटर, गिअरबॉक्स, चक सगळं ठणठणीत. मेले ते फक्त पॅक. तसे मूळ पॅक आता मिळणं अवघड आहे. युरोपीय संघाने २०१६ अखेर कॉर्डलेस मशीनमधल्या निकेल-कॅडमिअमला बंदी घातली, आणि कंपन्या तर त्याच्या कितीतरी आधीच लिथियमकडे वळल्या होत्या. मशीन मात्र अजून वीस वर्षं चालेल अशा अवस्थेत घरोघरी पडून आहेत. आपल्या चोपडा-यावल-रावेर पट्ट्यात तर बॅटरीच्या ड्रिलचं काम रोजचं. केळीच्या बागेत ठिबकची सबमेन (मोठा पाइप) टाकली की तिच्यावर लॅटरलच्या, म्हणजे बारीक नळ्यांच्या, टेकऑफसाठी (जोडासाठी) ओळीने भोकं पाडायची असतात. तिथे जवळपास सॉकेट नसतो, आणि शेतीची वीज कधी दिवसा तर कधी रात्री. म्हणून ही मशीन भंगारात जाताना पाहवत नाहीत.

आता मूळ हिशेब. पॅकवर छापलेले व्होल्ट बघून सेल निवडू नका, पूर्ण चार्ज झाल्यावरचे व्होल्ट बघा. निकेल-कॅडमिअमचा सेल १.२ व्होल्टचा म्हणतात, पण चार्जरवरून काढल्यावर तो १.४ च्या आसपास असतो. १४.४ च्या पॅकमध्ये असे १२ सेल, म्हणजे १६.८ व्होल्ट. लिथियम-आयनचा सेल भरल्यावर ४.२, चार सेल लावले की बरोबर १६.८. १८ व्होल्टच्या पॅकमध्ये १५ सेल, म्हणजे २१. लिथियमचे पाच सेल, तेही २१. या दोन मापांत मोटरला फरक कळतच नाही. गणित जुळतं तेव्हा काय आनंद होतो ते तुम्हाला सांगायला नको.

अडचण १२ व्होल्टची. तिथे १० सेल, म्हणजे भरल्यावर १४. लिथियमचे तीन लावले तर १२.६, मशीन सुस्त. चार लावले तर १६.८, म्हणजे पाचव्या हिश्शाने जास्त. वेग वाढतो, पण मोटर अडली की करंटही त्याच प्रमाणात वाढतो आणि ट्रिगर व कार्बन ब्रश तापतात. चार सेल लावून मजेत चालवणारे आहेत. मला ते पटत नाही. त्याचा माझा उपाय पुढे येतोच.

व्होल्ट जुळले म्हणजे काम झालं असं मात्र नाही. शेजारचे आप्पा त्यांचं ड्रिल घेऊन आले होते. त्यात कुणीतरी जुन्या लॅपटॉपचे सेल बसवून दिले होते. “भो, मीटर तर सोळाच्या वर दाखवतो, मग भोक पाडताना दम का जातो?” असं त्यांनी विचारलं. उत्तर सेलच्या आतल्या रोधात आहे. वापरलेल्या लॅपटॉप सेलचा रोध सहज ७० मिलीओहम भरतो. दोन-दोन सेल समांतर धरले आणि ड्रिलने २० अँपिअर ओढले तर प्रत्येक सेलवर १० अँपिअर येतात, म्हणजे ०.७ व्होल्ट तिथेच खाल्ले गेले. चार टप्प्यांचे मिळून २.८. पुन्हा ते सेल चार-पाच अँपिअरसाठीच बनवलेले; दहा ओढले की गरम होऊन लवकर मरतात. हायड्रेन, म्हणजे जास्त करंट देणाऱ्या, सेलचा रोध २० मिलीओहमच्या आसपास, म्हणजे तेवढ्याच भाराला एकूण घट ०.८. मोटरला मिळणाऱ्या या दोन व्होल्टांत ड्रिलचा सगळा दम आहे.

म्हणून १४.४ साठी सॅमसंग २५आर घेतले. २,५०० एमएएच (मिलीअँपिअर-तास), सलग २० अँपिअर. दोन समांतर, अशा चार जोड्या सिरीज (एकामागे एक), असे आठ. पॅक ५ एएचचा (अँपिअर-तास) झाला, म्हणजे ७२ वॉट-तास, जुना १.५ एएचचा पॅक २१.६ वॉट-तासांचा होता. वजनही उतरलं, कारण १८६५० सेल (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब, २५आर याच मापाचा) साधारण ४५ ग्रॅमचा आणि निकेल-कॅडमिअमचा सब-सी मापाचा सेल पन्नासच्या वर, तेही बारा. आडवे दोन थर रचले की आठ सेल जुन्या डब्यात बसतात. आतल्या प्लास्टिकच्या फासळ्या तेवढ्या कापाव्या लागतात.

सेल घेताना एक खूण कायम लक्षात ठेवा. १८६५० वर ९,९०० एमएएच छापलं असेल तर तो खोटा. या मापात चांगल्यात चांगला सेल ३,५०० च्या आसपास थांबतो. खोटे सेल बहुधा हलके असतात, म्हणून मी खिशातला छोटा काटा बरोबर नेतो. सुवर्णनगरी जळगावात असा काटा मिळायला काहीच अडचण नाही. काट्यावर पास झाला की रोध मोजायचा, आणि आठही सेलांचे आकडे जवळजवळ असले तरच घ्यायचे.

सेलवर थेट सोल्डरिंग करू नका, उष्णता आत जाते. स्पॉट वेल्डिंगच करा. सेल एकमेकांना जोडायची पट्टी शुद्ध निकेलची हवी. बाजारात निकेलचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी सर्रास मिळते आणि दिसायला अगदी तशीच. तुकडा खरवडून रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा, लोखंडी असेल तर सकाळी गंज दिसतो. माझी पट्टी ०.१५ मिलिमीटर जाड, ८ मिलिमीटर रुंद, आणि सिरीजच्या जोडांवर दुहेरी थर. प्रत्येक सेलच्या प्लस टोकाला बार्ली पेपरची (वीजरोधक कागदाची) चकती. ही चकती विसरलेले पॅक मी उघडून पाहिलेत. सेलची वरची कड सगळी मायनस असते, पट्टी घासून आवरण फाटलं की थेट शॉर्ट.

बीएमएसवर, म्हणजे पॅक जास्त भरू, उतरू किंवा शॉर्ट होऊ न देणाऱ्या बोर्डवर, मतभेद आहेत, तेव्हा माझं मत सांगतो. थांबलेली ब्रशची मोटर सुरू होताना क्षणभर भरमसाट करंट घेते आणि स्वस्त बोर्ड त्यालाच शॉर्ट समजून बंद पडतो. त्यामुळे अनेकजण बीएमएस फक्त चार्जिंगला ठेवतात आणि मोटर थेट जोडतात. मी तसं करत नाही. माझं ड्रिल बागेत चार हातांत फिरतं, आणि पॅक कुठवर उतरला हे बघत बसायला तिथे कुणाला वेळ नसतो. ड्रिलसाठी म्हणून मिळणारा ४० अँपिअरचा चार सेलचा बॅलन्सवाला (सगळे सेल सारखे भरणारा) बोर्ड घेतला, तो एका झटक्यात दाबलेला ट्रिगरही सोसतो. त्याच्या पुढे गाडीतला ३० अँपिअरचा पात्याचा फ्यूज. हा फ्यूज क्षणाचा झटका झेलतो, पण मोटर अडकून राहिली तर उडतो, आणि कुठल्याही ऑटो पार्टच्या दुकानात मिळतो.

जुना चार्जर बाजूला काढा, आणि नुसता बाजूला ठेवून भागत नाही, त्याची वायरच कापा. निकेल-कॅडमिअमचा चार्जर ४.२ वर थांबायचं जाणत नाही. घरातल्या कुणीतरी सवयीने त्यात पॅक अडकवला तर सगळी भिस्त एकट्या बीएमएसवर. माझ्याकडे आता १६.८ व्होल्ट, २ अँपिअरचा चार्जर आहे. रिकामा पॅक तीन तासांत भरतो.

आता आपल्याकडचा खरा प्रश्न, ऊन. लिथियम-आयन ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असं सेलचे कारखानेच सांगतात. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात सावलीतला पाराच तिथे पोचतो. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा मोटरसायकलच्या डिकीत काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. पुण्या-मुंबईच्या मित्रांनी लिहिलेल्या कृतीत ही काळजी नसते, पण इथे तीच आधी घ्यावी लागते. मी चार्जिंगच्या वायरीत ४५ अंशांचा थर्मल स्विच घातला आणि तो सेलांच्या मधोमध चिकटवला. पॅक तापलेला असेल तर चार्जिंग सुरूच होत नाही, निवला की आपोआप होतं. हा स्विच फक्त चार्जिंगच्या वाटेवर लावा, मोटरच्या नाही. त्याची क्षमता ५ अँपिअरची. भर दुपारी शेतातून आलेला पॅक लावून पाहिला, स्विचने अडवला. संध्याकाळी अंगणात ठेवल्यावर घेतला. या सगळ्या कामातली मला सर्वात आवडलेली गोष्ट हीच.

१२ व्होल्टच्या ड्रिलला लिथियम-आयर्न-फॉस्फेट निवडलं ते याच दोन कारणांनी. त्याचा सेल ३.२ व्होल्टचा, भरताना ३.६५, चार सेलांचे १४.६, जुन्या १४ ला अगदी जवळ. शिवाय तापल्यावर हे रसायन नेहमीच्या लिथियम-आयनपेक्षा पुष्कळ शांत राहतं. पण ३२७०० मापाचे (३२ मिमी जाड, ७० मिमी लांब) सेल ड्रिलच्या मुठीखाली मावत नाहीत. म्हणून डबा रिकामा करून त्यातून केबल काढली आणि पॅक कमरेच्या पिशवीत ठेवला. आठ सेल, १२ एएच, किलोभराच्या थोडं वर. हातातलं ड्रिल मात्र इतकं हलकं झालं की सबमेनवर वाकून ओळच्या ओळ भोकं पाडताना मनगट दुखत नाही. केबल ४ स्क्वेअर एमएमची, टोकाला एक्सटी-६० कनेक्टर. सव्वा मीटर जाऊन-येऊन अडीच मीटर होते, २० अँपिअरला पाव व्होल्टभर घट. ती चालते. सध्याची केबल कडक आहे, मऊ सिलिकॉनची मागवलीय.

या पॅकचा दुसरा उपयोग बागेतच सापडला. पाठीवरचा बॅटरीचा फवारणी पंपही १२ व्होल्टचा. त्यातली शिशाची बॅटरी काढली, तिथे एक्सटी-६० बसवला, आणि आता एकच पॅक सकाळी पंपाला आणि नंतर ड्रिलला. चार्जर १४.६ चा, दोन्हीला तोच. शिशाची बॅटरी ८ एएचची होती आणि वजनाला दोन किलोच्या वर, त्यामुळे फवारणी करणाऱ्याच्या पाठीवरचं ओझंही कमी झालं.

१८ व्होल्टच्या करवतीला सेल जोडत बसलो नाही. घरात मकिताचे एलएक्सटी, म्हणजे १८ व्होल्टचे लिथियमचे, पॅक आहेत, प्रिंट केलेला ॲडॅप्टर लावला की झालं. डीवॉल्टने तर आपल्या जुन्या १८ व्होल्टच्या मशीनसाठी डीसीए१८२० हा ॲडॅप्टर स्वतःच काढला होता. धोका एवढाच की अशा पॅकमध्ये उतरत्या व्होल्टला मोटर तोडायचं काम बहुधा मशीन करतं, पॅक नाही. जुन्या मशीनला ते येत नाही, ते सेल शेवटच्या थेंबापर्यंत पिळतं. म्हणून ॲडॅप्टरमध्येच १५ व्होल्टला तोडणारा मॉस्फेटचा (इलेक्ट्रॉनिक स्विचचा) बोर्ड घालतोय. जरा उशिराने तोडणारा हवा, नाहीतर लाकडात पातं शिरताना क्षणभर व्होल्ट बसले तरी करवत बंद पडेल. रिलेवाले स्वस्त मॉड्यूल १० अँपिअरचे असतात, करवतीला ते अजिबात लावू नका.

काढलेले कॅडमिअमचे सेल कोरड्या प्लास्टिकच्या डब्यात, टोकांना टेप लावून ठेवलेत. कॅडमिअम विषारी आहे, उकिरड्यावर किंवा जाळात जाता कामा नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, तेव्हा डबा भरला की नोंदणीकृत रिसायकलरकडेच देणार.

आता पाळी ९.६ व्होल्टच्या स्क्रू ड्रायव्हरची. आठ सेल, भरल्यावर ११.२. फॉस्फेटचे तीन सेल १०.९५ देतात आणि त्यांचे साधे व्होल्ट नेमके ९.६. मोटर लहान, करंट कमी, त्यामुळे १८६५० मापाचे फॉस्फेट सेल पुरावेत आणि ते मुठीतही मावावेत. कुणी अशा मशीनचा अडलेल्या मोटरचा करंट क्लॅम्प मीटरने मोजला असेल तर आकडा कळवा, फ्यूज त्यावरून ठरवतो.