तुम्ही विचारलंत म्हणून: त्या साहेबाचं कौतुक

‘गोऱ्या साहेबाचं एवढं कौतुक कशाला?’ बोट क्लबवर ब्रिटिश वल्हेपटू रॅन लॉरीचं नाव काढलं की कुणीतरी हे विचारतंच. तर सांगतो.

मी तीन वर्षं मुळा-मुठेत पेअर, म्हणजे दोघांची शर्यतीची बोट, मारली. सुकाणू सांभाळणारा कॉक्स नाही, माणशी एकच वल्हं, एकाचा जोर जरा कमी-जास्त झाला की बोट वळते. लॉरी आणि जॅक विल्सन १९३८ साली इंग्लंडात हेन्लेच्या रेगाटात, म्हणजे वल्ह्यांच्या शर्यतींत, पेअरमध्ये जिंकले. दोघंही सुदानात ब्रिटिश प्रशासनाच्या नोकरीत. दहा वर्षांच्या खंडानंतर रजेवर आले, थोड्याच आठवड्यांच्या सरावावर पुन्हा हेन्ले जिंकले आणि तिथेच १९४८ चं ऑलिंपिक सुवर्ण घेतलं, ७ मिनिटं २१.१ सेकंदांत. ज्यानं पेअर मारलीय, त्याला यातलं अवघड काय ते कळेल.

ती फायनल ९ ऑगस्टची. आमचे आबा बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेलेले. मी कॉलेजात असताना एका क्रांतिदिनी ते हुतात्मा स्मारकाला हार घालून आले, जेवायला बसले आणि मी उत्साहानं म्हणालो, ‘‘आबा, आजच्याच दिवशी...’’ त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘‘साहेब रजा काढून आला. त्याच्या मुलखातलं एखादं पोरगं नाईलवर वल्हं मारत असंल, त्याला कुणी धाडलं?’’

मी म्हणालो, ‘‘तुम्हाला खेळातलं काय कळतंय?’’

खाशाबा जाधव त्याच लंडनला सहावे आले, हे मला लहानपणापासून सांगणारा हा माणूस. ताटात भाकरी तशीच ठेवून उठले. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही आणि ते असेपर्यंत मीही माझा शब्द मागे घेतला नाही.

सुदान ऑलिंपिकला पहिल्यांदा उतरला १९६० साली, स्वातंत्र्यानंतर चार वर्षांनी. हे मी फार उशिरा वाचलं.

लॉरी पुढे डॉक्टर झाला, हे मी त्याच्या बाजूनं सांगतो. पण त्यानं आबांच्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही, हेही मला दिसतं. पाण्यावर कुणी साहेब नसतो, असं तेव्हा मी छातीठोक सांगायचो. हेन्लेच्या रेगाटात तर १९३७ साली नियम बदलेपर्यंत मजुरी करणाऱ्याला वल्हं धरायलाच मनाई होती!

तरी ती शर्यत मला आवडते. पोरांना सांगतो, पुढेही सांगेन. फक्त ९ ऑगस्टला सांगत नाही.