सात एपिसोड कुठे गेले? (शीट आवृत्ती ४, खरं तर आता ४.२)

मागच्या नोंदीत मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की आवृत्ती ४ झाली, आता शीटला (मी आणि ताई कुठल्या मालिका कुठवर बघितल्या ते नोंदवायची माझी स्प्रेडशीट) हात लावणार नाही. लावला. तीन संध्याकाळी गेल्या, ताई दोन दिवस बोलली नाही, आणि मी माझ्याच हाताने सात धडधाकट ओळी उडवल्या. पण गुंता सुटला, म्हणून ही नोंद.

आधी ताईचं. 'चालू' टॅबमध्ये सध्या तीन नावं आहेत आणि 'वाट' टॅबमध्ये, म्हणजे पुढच्या सीझनची वाट बघायच्या यादीत, अकरा, हे प्रमाण बघूनच कळेल की हातात वेळ होता. म्हणून आम्ही दोघींनी 'ला कासा दे पापेल', म्हणजे 'मनी हाइस्ट', पहिल्यापासून काढली. माझी तिसरी फेरी, तिची पहिली. फोनवर विचारलं, "कुठवर आलीस?" "आठ संपले." माझेही आठच संपलेले. मग काय, सुटले बोलत. मिनिटभराने पलीकडून, "थांब. हे कधी झालं?" आणि फोन बंद.

रात्री शीट उघडली. माझ्या ओळी एका जुन्या ॲपमधून निर्यात केलेल्या, ताईच्या तिच्या ॲपमधून, आणि जोडणी सीझन-एपिसोडच्या नंबरावर. तुमच्यापैकी निम्म्यांनी इथेच कपाळावर हात मारला असेल, मारा. माझ्या बाजूला एकूण एपिसोड ४१, ताईच्या बाजूला ४८. फरक सातचा.

पहिला संशय अर्थातच डुप्लिकेट. निर्यात करताना ओळी दोनदा येणं नवीन नाही. आवृत्ती २ मध्ये एक आख्खा सीझन दुप्पट आला होता, आठवत असेल. तेव्हा मी हुशारी केली: माझ्या बाजूला जोडीदार न मिळालेल्या ताईच्या सात ओळी शोधल्या आणि डिलीट. बेरीज ४१ विरुद्ध ४१. चहूबाजूंनी हिरवंगार. समाधानाने झोपले.

सकाळी ताईने बाराव्यावर टिक केली, तर शीटने तिला माझ्यापुढे चार एपिसोड दाखवलं. जी बाई काल माझ्यामुळे स्पॉइल झाली ती आज माझ्यापुढे कशी?

दुसरा संशय स्पेशल्सवर गेला. टीव्हीडीबी या मालिकांच्या माहितीच्या साइटवर स्पेशल भाग सीझन शून्यात जातात आणि तिथून ते कुठल्याही बेरजेत शिरतात, हा आपला जुना शत्रू. तपासलं, तो यावेळी निर्दोष. तिसरा संशय माझ्याच टायपिंगवर, कारण सीझनचा 'एस' टाइप करायचा मला कंटाळा. एस१ई०५ ऐवजी नुसतं १ई०५ लिहिलं की शीट ते वैज्ञानिक पद्धतीने वाचते: एकावर पाच शून्यं. माझ्याकडे एका मालिकेचा एक लाखावा एपिसोड 'बघून झाला' म्हणून नोंदलेला सापडला. तो दुरुस्त केला, कॉलमचा फॉरमॅट 'मजकूर' केला (डेटा टाकायच्या आधी करा, नंतर केला तर झालेलं नुकसान भरून येत नाही), पण सातचा फरक जागच्या जागी.

तिसऱ्या संध्याकाळी निव्वळ वैतागून लपवलेले सगळे कॉलम उघडले. 'लांबी' हा कॉलम मी आवृत्ती १ पासून कधी बघितलाच नव्हता. माझ्या पहिल्या सीझनसमोर साधारण सत्तर मिनिटं. ताईच्या समोर सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस, पन्नास.

मग डोक्यात प्रकाश पडला. २०१७ मध्ये अँटेना ३ या स्पॅनिश वाहिनीवर ही गोष्ट १५ एपिसोडमध्ये दाखवली गेली, आधी ९ आणि मग ६. नेटफ्लिक्सने जगभर नेताना तीच पुन्हा कापून २२ लहान एपिसोड केले, १३ आणि ९. बावीस वजा पंधरा, सात! पुढचे भाग दोन्हीकडे सारखेच, म्हणून ४१ आणि ४८. काहीही हरवलं नव्हतं, काहीही दोनदा आलं नव्हतं. माझी प्रत मूळ लांबीची, ताईची नंतरच्या कापणीची. माझे आठ म्हणजे तिचे जवळजवळ बारा. आणि मी तिच्या ज्या सात ओळी 'डुप्लिकेट' म्हणून उडवल्या, त्या पहिल्या सीझनचे शेवटचे सात खरेखुरे एपिसोड होते. बॅकअपमधून परत आणल्या. बॅकअप होता, हे ठळकपणे नोंदवून ठेवते, कारण मागच्या वेळी तो नव्हता आणि तुम्ही मला बरंच सुनावलं होतं.

कारण कळलं, पण दुरुस्ती काय? एपिसोड हे मोजमापच भरवशाचं नाही, हे नक्की. म्हणून ४.१ मध्ये ठरवलं: एपिसोड मोजायचे नाहीत, मिनिटं मोजायची. गोष्ट कुणी कितीही तुकड्यांत कापो, एकूण मिनिटं तीच राहणार.

दोन तास ही कल्पना मला फार आवडली. मग पडताळणीसाठी एक जुनी मालिका घेतली, जिची डिस्कही माझ्याकडे आहे आणि जी स्ट्रीमिंगवरही आहे. तोच एपिसोड, तेच प्रसंग, काही कापलेलं नाही. स्ट्रीमिंगवर ४५ मिनिटं, डिस्कवर ४३ आणि थोडे सेकंद. ज्यांनी सबटायटल जुळवलीत ते आता हसत असतील. सेकंदाला २४ फ्रेमने चित्रित केलेलं काम टीव्हीच्या २५ फ्रेमच्या पॅल पद्धतीत आणताना नुसतं तेवढंच वेगात पळवायची रीत होती. सुमारे ४ टक्के वेग वाढतो, ४५ चे ४३ होतात, आणि आवाज वेगळा सुधारला नसेल तर सगळी पात्रं किंचित चिरक्या आवाजात बोलतात. शिवाय नव्या कापणीत प्रत्येक तुकड्याला स्वतःचं 'मागील भागात' आणि शेवटची नामावली. सात एपिसोड वाढले की तेवढी भरती सात वेळा जास्त. गेली मिनिटं.

इथपर्यंतची नोंद काल रात्री लिहिली होती आणि खाली 'प्रश्न खुला' असं टाकून मोकळी होणार होते. पण वरचा परिच्छेद टाइप करतानाच सुचलं की मी मिनिटांची तुलना दोन प्रतींमध्ये करतेय, तिथेच घोळ आहे. तुलना त्याच प्रतीच्या एकूण लांबीशी करायची, म्हणजे टक्के! वेग ४ टक्के वाढला तर तो एपिसोडचाही वाढतो आणि सीझनचाही. भागाकारात उडून जातो. नामावलीची भरती थोडी उरते, पण ती नगण्य. लगेच करून पाहिलं: १५ पैकी ८ म्हणजे ५३ टक्के, २२ पैकी १२ म्हणजे साडेचोपन्न. आणखी पक्कं करायला दोन्हीकडे मधला मोठा खंड जिथे पडतो ती जागा घेतली. १५ पैकी ९, म्हणजे ६०. २२ पैकी १३, म्हणजे ५९. हे दोन आकडे शेजारीशेजारी बघून मी एकटीच खुर्चीत हसत होते. मिनिटांनी भागलं की ते आणखी जवळ येतात. ही झाली ४.२.

जोडणीही बदलली. नंबरावर जोडणं बंद, आता टीव्हीमेझ या दुसऱ्या माहिती-साइटचा एपिसोड आयडी. प्रत्येक एपिसोडला स्वतःचा कायमचा क्रमांक, एपीआय (साइटवरची माहिती शीटमध्ये थेट ओढायची सोय) फुकट, किल्लीसुद्धा (परवानगीचा कोड) मागत नाही, आणि प्रसारणाची वेळ टाइमझोनसकट देतो. पोस्टर बघायची तर टीएमडीबी ही साइट सरस, पण शीटला पोस्टर काय करायचीत? टीव्हीडीबी ठेवलंय फक्त एका कामासाठी: प्रसारण क्रम, डिस्क क्रम आणि सलग क्रम असे वेगळे क्रम तिथे मिळतात.

'वाट' टॅबमध्ये एक छोटा विजय. आधीच्या सीझनचा शेवटचा एपिसोड ते पुढचा पहिला, एवढेच दिवस मोजणारा कॉलम अखेर चालला. 'सेव्हरन्स': ८ एप्रिल २०२२ ते १७ जानेवारी २०२५, १०१५ दिवस. सगळे 'तीन वर्षं' म्हणून रडत होतो, निघाली पावणेतीन. तेवढ्याच काळात 'स्लो हॉर्सेस'ने दुसरा, तिसरा आणि चौथा असे तीन सीझन काढले, कारण ते लोक दोन-दोन सीझन जोडीने चित्रित करतात. (२०२३ च्या हॉलिवूडमधल्या संपाचे दिवस वजा करायचा कॉलमही केला होता. लेखकांचे १४८ आणि कलाकारांचे ११८ अशी सरळ बेरीज करू नका. दोन्ही संप एकमेकांवर चढलेले होते, २ मे ते ९ नोव्हेंबर मिळून १९१ च होतात. शेवटी तो कॉलम काढूनच टाकला, प्रत्येक मालिकेचं काम वेगळ्या टप्प्यावर अडकलेलं होतं.) 'सेव्हरन्स'चा तिसरा सीझन जाहीर आहे, म्हणून ती ओळ उघडीच, रोज सकाळी आकडा एकाने वाढतो आणि मी तो बघते.

ताईशी समेट झालाय. आता आम्ही 'द पिट' सोबत बघतोय. एका सीझनचे १५ एपिसोड, प्रत्येक म्हणजे हॉस्पिटलमधल्या एकाच पाळीतला एक तास. त्यामुळे तिथे टक्केसुद्धा नकोत, "किती वाजलेत?" विचारलं की झालं.

राहिलं ते 'फायरफ्लाय'. २००२ मध्ये फॉक्स वाहिनीने तयार १४ पैकी ११ च दाखवले, तेही उलटसुलट. मूळ पायलट, म्हणजे गोष्ट सुरू करणारा पहिला भाग, दाखवला सगळ्यात शेवटी, डिसेंबरात. माझ्या टक्केवारीनुसार प्रसारण क्रमाने बघणारा माणूस मालिका जवळपास संपवून सुरुवातीला पोहोचतो. तुम्ही ती कुठल्या क्रमाने लावलीय आणि त्यासाठी वेगळा कॉलम ठेवलाय की सरळ दुसरी ओळ, तेवढं कळवा. पाचवी आवृत्ती करायचा माझा विचार नाही.