सेव्हिल: दुपारी विश्रांती, रात्री शहर

स्पेनच्या दक्षिणेकडील अंदालुसियाची राजधानी सेव्हिल हे नोकरीनिमित्त माझे गाव झाले आहे आणि त्यामुळे पुण्याहून येणाऱ्या मित्रमंडळींना ते दाखवण्याचे काम आपसूक माझ्याकडे येते. गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या मध्यास महाविद्यालयातील जुने मित्र सहकुटुंब आले होते. त्यांच्यापैकी निम्मे शाकाहारी होते, एक जण तबला वाजवणारा होता, आणि रात्री उशिरापर्यंत बाहेर राहण्याची तयारी सगळ्यांचीच होती. त्यांच्यासोबत हिंडताना जे उपयोगी पडले ते येथे सविस्तर लिहितो.

सर्वप्रथम वेळापत्रकाविषयी, कारण सेव्हिलची सहल बिघडते ती बहुधा वेळापत्रकामुळेच. येथे दुपारचे जेवण दोनच्या पुढे सुरू होते, साधारण चारच्या सुमारास बहुतेक स्वयंपाकघरे बंद होतात आणि रात्रीचे जेवण नऊच्या आधी कोणी मनावर घेत नाही. अनेक लहान दुकानेही दुपारी तीन तास कुलूप लावतात. आपल्याकडचा पर्यटक सकाळी आठला बाहेर पडून संध्याकाळी सातला थकून खोलीवर परततो, म्हणजे शहर जागे होते नेमके त्या वेळी तो झोपायला जातो. माझा आग्रह असा की सकाळी एकच मोठे स्थळ पाहावे, अडीच वाजता पोटभर जेवावे, त्यानंतर खुशाल दोन तास झोपावे आणि सहानंतर ताजेतवाने होऊन पुन्हा निघावे. जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशी सहज ओलांडतो, तेव्हा तर याला पर्याय नाही. शक्य असेल तर ते दोन महिने टाळावेत. मार्च ते मे आणि ऑक्टोबर हा काळ उत्तम, मात्र ईस्टरपूर्वीचा पवित्र आठवडा आणि त्यानंतरची वसंत जत्रा या काळात निवासाचे दर फार चढतात, त्यामुळे तेव्हा यायचे असल्यास आरक्षण कित्येक महिने आधी करावे. माद्रिदहून वेगवान रेल्वेने सुमारे अडीच तासांत सान्ता हुस्ता स्थानकावर पोहोचता येते.

सकाळच्या स्थळांमध्ये पहिला मान अल्काझार राजवाड्याचा आणि शेजारच्या कॅथीड्रलचा. दोन्हींची तिकिटे वेळ ठरवून आधीच ऑनलाइन काढावीत, कारण दारावरची रांग अर्धी सकाळ खाऊन टाकते. अल्काझारमध्ये चौदाव्या शतकात पेद्रो पहिला या ख्रिस्ती राजाने मुस्लिम कारागिरांच्या शैलीत बांधवून घेतलेला महाल आहे. त्यातील चुनेगच्चीवरील कोरीव नक्षी आणि रंगीत फरशांचे पट्टे पाहताना राज्यकर्त्यांचा धर्म बदलला तरी कारागिरांचा हात बदलला नाही, हे सहज ध्यानात येते. कॅथीड्रलचा हिराल्दा मनोरा हा मुळात बाराव्या शतकातील मशिदीचा मिनार असून त्यावरचा घंटाघराचा भाग सोळाव्या शतकात चढवला गेला. वर जाण्यासाठी पायऱ्यांऐवजी सौम्य चढणीचे रस्ते आहेत, त्यामुळे गुडघेदुखी असलेल्यांनाही सावकाश वर जाता येते. आमच्यासोबतच्या काकू दोनदा थांबून शंभर मीटरपेक्षा उंच असलेल्या त्या मनोऱ्याच्या घंटांपर्यंत पोहोचल्या. कॅथीड्रलच्या आवारात रोझमेरीची डहाळी हातात कोंबून नंतर पैसे मागणाऱ्या बायका भेटतात, तेव्हा हात मागे घेऊन शांतपणे पुढे चालावे. १९२९ च्या इबेरो-अमेरिकन प्रदर्शनासाठी बांधलेला प्लाझा दे एस्पान्या हा अर्धवर्तुळाकार चौक मात्र दुपारनंतर, ऊन तिरपे झाल्यावर पाहावा. तेथील प्रांतवार कोनाड्यांतील चित्रित फरशा त्या प्रकाशात अधिक खुलतात आणि प्रवेशही विनामूल्य आहे.

संध्याकाळी आम्ही साल्वादोर चर्चसमोरील चौकात जात असू. तेथे कार्यालयातून सुटलेली माणसे, म्हातारी जोडपी आणि विद्यार्थी हातात बिअरचा छोटा पेला घेऊन पायऱ्यांवर व चौकात उभे राहून गप्पा मारतात. टेबल मिळावे म्हणून येथे धडपडू नये. सेव्हिलची खाद्यसंस्कृती उभ्याने चालणारी आहे. एका बारमध्ये एक पेला आणि एक-दोन छोट्या बशा घ्याव्यात, तेथून उठून पुढच्या बारमध्ये जावे, आणि असे चार ठिकाणी फिरून जेवण पुरे करावे. १६७० पासून चालत आलेल्या एल रिंकोनसिलो या बारमध्ये वाढपी आपला हिशेब खडूने थेट लाकडी फळीवर आपल्यासमोर मांडतो, नवी बशी आली की त्याखाली नवा आकडा लिहितो, आणि पैसे चुकते झाले की ओल्या फडक्याने सारे पुसून टाकतो. छताला टांगलेल्या डुकराच्या मांड्या पाहून शाकाहारी मंडळी प्रथम बिचकली खरी, परंतु त्याच बारमधील पालक-चण्याची भाजी त्यांना सर्वाधिक आवडली. तिच्यात लसूण आणि जिरे असतात आणि पावासोबत ती पोटभरीची होते.

शाकाहारींनी आणखी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. टोमॅटो व पावाच्या दाट, थंड साल्मोरेहो या सूपवर अंडे आणि हॅम पेरलेले असते, म्हणून ‘सिन हामोन, सिन वेवो’ (हॅम नको, अंडे नको) असे मागवतानाच सांगावे. बटाट्याच्या तोर्तियात, म्हणजे जाड आम्लेटात, अंडे असतेच. मध किंवा काकवी घातलेली तळलेली वांगी चविष्ट असतात, पण ती मासे तळलेल्याच तेलात तळलेली असण्याची शक्यता असल्यामुळे कडक पथ्य पाळणाऱ्यांनी आधी विचारून घ्यावे. भाजीवर्गात ट्यूना मासा धरणारे वाढपीही भेटतात, त्यामुळे ‘मांस नाही’ एवढे सांगून भागत नाही. ‘मासेही नाहीत’ हे वेगळे सांगावे लागते. टिप देणे बंधनकारक नाही आणि नळाचे पाणी निर्धास्त प्यावे.

ग्वादल्किविर नदीपलीकडचा त्रिआना हा कुंभार, खलाशी आणि हितानो म्हणजे स्पेनमधील रोमा (जिप्सी) लोकांचा जुना मोहल्ला. १८५२ मध्ये पूर्ण झालेल्या लोखंडी पुलावरून सूर्यास्ताच्या वेळी तिकडे चालत जावे. पुलाच्या टोकाशीच बाजार आहे आणि त्याच्याखाली, जेथे धर्मन्यायालयाचा कारभार चालत असे, त्या किल्ल्याचे अवशेष आहेत. मात्र ते पाहण्यासाठी दिवसाच यावे लागते. रात्री काठावरील बेतिस रस्त्यावर बसले की समोरच्या तीरावरचा तोर्रे देल ओरो हा तेराव्या शतकातील बुरूज दिव्यांत उजळलेला दिसतो.

फ्लामेंको या अंदालुसियाच्या गायन-नृत्यासाठी मी मित्रांना जेवणासह होणाऱ्या मोठ्या कार्यक्रमाऐवजी कुना रस्त्यावरील कासा दे ला मेमोरिया या लहान सभागृहात नेले. अशा ठिकाणी आसने थोडी असतात आणि जेवणखाण नसते, त्यामुळे कलावंत आणि श्रोते यांच्यात काही आड येत नाही. तिकीट आधी काढावे आणि पुढच्या रांगेसाठी अर्धा तास लवकर जावे. आमच्या डोळ्यांसमोर गायक लाकडी खुर्चीच्या कडेवर बसून, मांडीवर मुठीने ठेका धरत, गळ्याच्या शिरा ताणून गात होता. नर्तिका बराच वेळ केवळ मनगटे फिरवत उभी राहिली, आणि तिची टाच फळीवर पहिल्यांदा आपटली तेव्हा आमच्या खुर्च्यांनाही तो आघात जाणवला. तबलजी मित्र बोटांच्या पेरांवर मोजत होता आणि बाहेर पडल्यावर म्हणाला, “बारा मात्रा आहेत रे, पण आघात आपल्या एकतालासारखे पडत नाहीत.” त्याने बरोबर ओळखले होते. सोलेआ या प्रकारात आवर्तन बारा मात्रांचे असून तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या मात्रेवर वजन पडते. रोमा लोकांचे पूर्वज वायव्य भारतातून निघाले आणि पंधराव्या शतकात स्पेनमध्ये पोहोचले, हे भाषाशास्त्राच्या आणि इतिहासाच्या आधारे मान्य झालेले आहे. मात्र फ्लामेंको घडला तो अंदालुसियाच्या मातीत, तेथील सर्व समाजांच्या मिश्रणातून, म्हणून त्याला कथकची परदेशी शाखा म्हणणे मला पटत नाही. कार्यक्रम चालू असताना छायाचित्रे घेण्यास बहुधा मनाई असते. ती कसोशीने पाळावी.

कार्यक्रमानंतर रात्र संपत नाही. अलामेदा दे एर्क्युलेस या लांबलचक चौकात, रोमन स्तंभांच्या सावलीत, मध्यरात्रीपर्यंत लहान मुलेसुद्धा खेळताना दिसतात आणि त्यानंतर तरुणांची गर्दी वाढत जाते. नाचाच्या क्लबमध्ये एक-दीडच्या आधी शुकशुकाट असतो. पिणे बारच्या आत किंवा बारने बाहेर मांडलेल्या टेबलांपुरतेच ठेवावे, कारण रस्त्यावर बाटल्या घेऊन बसल्यास दंड होऊ शकतो. पाकीट आणि मोबाईल पुढच्या खिशात असावेत. एरवी मध्यवस्तीत उशिरा पायी फिरताना आमच्यासोबतच्या महिलांना कोठेही असुरक्षित वाटले नाही. मेट्रो आठवड्यातील इतर दिवशी अकराच्या सुमारास थांबते आणि शुक्रवारी-शनिवारी दोनपर्यंत चालते, म्हणून निवास शक्यतो जुन्या शहरात किंवा त्रिआनात, चालत परतता येईल अशा अंतरावर घ्यावा. तसा तो नसेल तर अधिकृत थांब्यावरची, मीटर चालू केलेली पांढरी टॅक्सी घ्यावी.