वापसा नसलेल्या रानात पॅटन

घोडनदीचा पूल ओलांडला की नगर जिल्हा लागतो. तिथून सुप्यापर्यंतच्या वाटेत आमच्या चिरंजिवांनी मला एकच प्रश्न चार वेळा विचारला. "आई, खरं सांग, टँक भारी की टँक डिस्ट्रॉयर?"

पोरगा तेरा वर्षांचा. वर्षभर कॉम्प्युटरवर रणगाड्यांचा खेळ खेळतोय. हा नक्की काय करतो ते बघावं म्हणून मी दोन-चार लेख वाचले आणि त्याचं वेड कमी करायच्या नादात स्वतःच अडकले. आता आमच्या घरी जेवताना टायगर, पँथर, शेरमन असे विषय निघतात आणि नवरा मुकाट्याने आमटी ओरपतो. म्हणून तो घरी राहिला आणि आम्ही दोघं सप्टेंबरातल्या एका रविवारी नगरच्या रणगाडा संग्रहालयाकडे निघालो. सरकारी कागदावर गावाचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण आमच्या तोंडी नगरच.

ज्यांच्या घरी असला खेळाडू नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रणगाडा म्हणजे अष्टपैलू गडी. पायदळाला साथ देतो, शत्रूची फळी फोडतो, समोर रणगाडा आला तर त्याच्याशीही लढतो. टँक डिस्ट्रॉयरचं काम एकच, शत्रूचे रणगाडे मारायचे. त्यासाठी त्याला ऐपतीबाहेरची मोठी तोफ देतात आणि तिची किंमत दुसरीकडून वसूल करतात. अमेरिकनांनी छप्पर उडवलं आणि कवच पातळ केलं. जर्मनांनी आणि रशियनांनी बऱ्याचदा टरेट, म्हणजे तोफेचा फिरता बुरूजच काढून टाकला. अशी गाडी स्वस्त पडते, लवकर बनते आणि जमिनीला चिकटून उभी राहते. जर्मनांच्या स्टुग-3 या बिनटरेटच्या गाड्या दहा हजारांच्या वर निघाल्या आणि प्रसिद्धी मात्र जेमतेम साडेतेराशे बनलेल्या टायगर रणगाड्याला मिळाली.

माळीवाडा स्टँडवर माझे मामा उभे होते. ते राहुरीकडचे, वय बहात्तर, जन्मभर ऊस. ट्रॅक्टर सोडून दुसऱ्या कुठल्या यंत्राबद्दल त्यांना आस्था नाही. पण भाची नगरला येतेय म्हटल्यावर सकाळच्या एसटीने आले होते. "फराहबागेच्या बाजूचं ना ते? पंचवीस वर्षं रस्त्यानं जातोय, आत कधी गेलो नाही," म्हणाले.

फराहबाग म्हणजे निजामशाहीचा महाल. नगरला तोफांचं कौतुक रणगाड्यांच्या कितीतरी आधीपासूनचं आहे. विजापूरच्या बुरुजावर बसलेली मलिक-ए-मैदान तोफ 1549 साली ओतली गेली ती इथे नगरला. वजन 55 टन. टायगरचं वजन 57. हे ऐकून पोरगा पहिल्यांदा खेळाबाहेरच्या गोष्टीकडे वळला. ती तोफ ओढायला 400 बैल आणि 10 हत्ती लागले असं सांगतात. चारशे बैलांचा चारा कोण पुरवत होतं, ही मामांची पहिली शंका. माझ्या मते त्या दिवसातला सगळ्यात लष्करी प्रश्न तोच होता.

संग्रहालय 1994 च्या फेब्रुवारीत सुरू झालं. ते लष्कराच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलचं आहे. पन्नासच्या आसपास चिलखती गाड्या उघड्यावर, झाडांच्या सावलीत उभ्या आहेत. सुरुवातीच्या रोल्स-रॉइस चिलखती गाडीपाशी सगळे फोटो काढतात, आम्हीही काढला आणि पुढे सरकलो.

ब्रिटिशांच्या मॅटिल्डा रणगाड्यापाशी आलो तेव्हा पोराने मान डोलावली. "हिला काही होत नाही." खेळात नसेल होत. 1940-41 मध्ये आफ्रिकेच्या वाळवंटातही सुरुवातीला होत नव्हतं. समोरचं कवच 78 मिलिमीटर, इटालियन तोफांचे गोळे टणाटण उडून जायचे. 1940 च्या डिसेंबरात इजिप्तमधल्या सिदी बर्रानीच्या लढाईत या मॅटिल्डांबरोबर चालून गेली ती आपली चौथी इंडियन डिव्हिजन. खांद्यावर लाल गरुड लावणारी. हे नाव लक्षात ठेवा.

त्याच मॅटिल्डांची 1941 च्या जूनमध्ये हाल्फाया खिंडीत दाणादाण उडाली, ती जर्मनांच्या 88 मिलिमीटर तोफेमुळे. तीही इथे आहे. ही मुळात विमानविरोधी तोफ. तिला कवच नाही, इंजिन नाही, स्वतःहून हलता येत नाही. पण जर्मनांनी ती जमिनीत खोल बसवली होती आणि मॅटिल्डाची 40 मिलिमीटरची तोफ जिथवर पोचत नव्हती, तिथून ही मारत होती. पोरगा म्हणाला, "पण हे फेअर नाही." मामा म्हणाले, "लढाईत पंच नसतो बाळा."

मग ब्रिटिशांची टँक डिस्ट्रॉयर आर्चर दिसली. खरं सांगायचं तर मी नगरला आले होते तीच बघायला.

पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, ही गाडी जोडताना कोणाचा तरी घोळ झाला. तोफ मागच्या बाजूला तोंड करून बसवलीय. व्हॅलेंटाइन नावाच्या जुन्या, लहान रणगाड्याचा सांगाडा घ्यायचा आणि त्यावर ब्रिटिशांची सगळ्यात जबरी रणगाडाभेदी तोफ, म्हणजे 17-पाउंडर बसवायची, असा हुकूम होता. एवढी लांब नळी पुढे काढली असती तर गाडी तोंडावरच पडायची. म्हणून ती मागे काढली. गोळा सुटला की तोफेचा मागचा भाग झटक्याने थेट ड्रायव्हरच्या जागेत येतो. वर छप्पर नाही, कवच बेताचं. अशा 655 बनल्या आणि 1944 च्या शेवटी युरोपात लढायला गेल्या.

मामा तिच्याभोवती दोन चकरा मारून आले. वाकून साखळी पाहिली, नळीखाली उभे राहिले. "ही उलटी उभी करत असतील," म्हणाले. "बांधाला पाठ लावून. ट्रॉली शेडला लावतो तशी. गोळा मारला की गिअर टाकून सरळ निघून जायचं. वळायला नको, रिव्हर्स नको."

अगदी तसंच करत. दबा धरून बसायचं, दोन-तीन गोळे मारायचे आणि शत्रूला धूर कुठून आला ते कळायच्या आत जागा सोडायची. सुरुवातीला वेडगळ वाटलेली मांडणी सैनिकांना फायद्याची निघाली. मी हे वाचून आले होते. मामांनी ते ट्रॉलीवरून ओळखलं. पोरगा माझ्याकडे बघत होता, मी आर्चरकडे.

आता खेळातला तज्ज्ञ पेटला. त्याने मामांना फर्डिनांडची गोष्ट सांगितली. जर्मनांचं 65 टनांचं टँक डिस्ट्रॉयर, समोर 200 मिलिमीटर पोलाद, 88 ची सगळ्यात लांब तोफ. 1943 च्या जुलैमध्ये रशियातल्या कुर्स्कच्या लढाईत उतरवलं. समोरून त्याला भेदणं जवळपास अशक्य. फक्त एक राहिलं होतं, मशीनगनच बसवली नव्हती. कितीतरी गाड्या सुरुंगांवर चढून अडकल्या आणि जवळ येणाऱ्या रशियन पायदळावर झाडायला काही नाही. मामा हसले. "बैल खिल्लारी घेतला आणि शेपूट कापून आणला. माश्या कशानं हाकलणार तो?"

फ्रेंच एएमएक्स-13 पाशी फार थांबलो नाही, पण एक गंमत सांगायलाच हवी. जेमतेम पंधरा टनांचा हा रणगाडा, तीन माणसांचा. त्याची 75 मिलिमीटरची तोफ बेतली होती जर्मन पँथरच्या तोफेवरून. गोळे भरायला माणूस नाही, सहा-सहा गोळ्यांची दोन फिरती नळकांडी आपोआप भरतात. बारा गोळे संपले की मात्र मागे जाऊन बाहेरून भरा. नावाने रणगाडा, स्वभावाने टँक डिस्ट्रॉयर. 1965 च्या भारत-पाक युद्धात 1 सप्टेंबरला जम्मूकडच्या छांबमध्ये पाकिस्तानचे अमेरिकी बनावटीचे पॅटन रणगाडे चालून आले, तेव्हा आपल्या 20 लान्सर्स रेजिमेंटच्या एकाच स्क्वाड्रनने या हलक्या गाड्यांवर त्यांना अडवून धरायचा प्रयत्न केला. त्यांनी वेळ विकत घेतला, आणि त्या दिवशी वेळच हवा होता.

आणि मग पॅटन. पंचेचाळीस टनांच्या घरात वजन, 90 मिलिमीटरची तोफ, अंतर मोजायला स्टिरिओस्कोपिक रेंजफाइंडर. 1965 मध्ये हा उपखंडातला सगळ्यात आधुनिक रणगाडा होता. आपल्याकडे ब्रिटिश सेंच्युरियन होते ते ठीक, पण डेक्कन हॉर्स रेजिमेंटकडे दुसऱ्या महायुद्धातले शेरमनच होते. कागदावर बघितलं तर खेमकरणला निकाल आधीच लागलेला.

मी मामांना सांगू लागले. पंजाबात खेमकरणजवळ आसल उताड नावाचं गाव. 8 ते 10 सप्टेंबर. आपली चौथी माउंटन डिव्हिजन (तीच ती लाल गरुडवाली, सिदी बर्रानीची) मागे हटून गावाभोवती घोड्याच्या नालासारखी पसरून बसली. सेंच्युरियन, शेरमन, एएमएक्स सगळे उसात लपवले. शेतांत पाणी सोडलं.

मामांनी मला थांबवलं. "महिना कोणता म्हणालीस?"

"सप्टेंबर."

"म्हणजे फेब्रुवारी-मार्चची लागण. सहा-सात महिन्यांचा ऊस." त्यांनी हात डोक्याच्या वर नेला. "एवढा. आत रणगाडा काय, लग्नाचं वऱ्हाड लपेल. आणि पाणी कधी सोडलं?"

"हल्ल्याच्या आधी. पॅटन रुतले तिथे."

"रुतणारच की!" मामा जवळजवळ चिडले. "पाणी दिलेल्या रानात वापसा आल्याशिवाय, म्हणजे जास्तीची ओल मुरल्याशिवाय मी पंचेचाळीस हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर घालत नाही. ह्यांनी पंचेचाळीस टन घातले?" मग पॅटनच्या साखळीपाशी बसून त्यांनी विती टाकल्या. एक, दोन, अडीच. साखळी रुंद आहे हे त्यांनी मान्य केलं. "पण चिखलाला विती कळत नाहीत."

रस्ता सोडता येईना, पुढचं दिसेना, टरेटमधून मान बाहेर काढली तरी समोर हिरवी भिंत. तो महागडा रेंजफाइंडर चालवायला मुरलेला नेमबाज लागतो. तसा असला, तरी वीस पावलांवर उभ्या उसात अंतर कशाचं मोजणार? आपले गनर मात्र थंड बसले होते, पॅटन अगदी जवळ येईपर्यंत. भारतीय आकड्यांनुसार तीन दिवसांत 97 पाकिस्तानी रणगाडे नष्ट झाले किंवा हाती लागले. त्यातले कितीतरी भिखीविंडला ओळीने उभे केले, लोक त्या जागेला पॅटननगर म्हणू लागले. बाकीचे देशभर चौकाचौकांत गेले.

पोराने इथे आपला प्रश्न पाचव्यांदा विचारला. "म्हणजे आपल्याकडे टँक डिस्ट्रॉयर नव्हतेच?"

होतं की. त्याला साखळ्या नव्हत्या, कवचही नव्हतं. उघडी जीप आणि तिच्यावर 106 मिलिमीटरची रिकॉइललेस, म्हणजे मागे धक्का न देणारी तोफ. चौथ्या ग्रेनेडिअर्सचे हवालदार अब्दुल हमीद 10 तारखेला चीमा गावाजवळ हीच जीप घेऊन उभे होते. ही तोफ झाडली की मागून आगीचा आणि धुळीचा लोट उठतो, सगळ्या जगाला जागा कळते. म्हणून गोळा मारला की हलायचं. हमीद तेच करत होते. पुढचा पॅटन टिपला, जागा बदलली, दुसरा टिपला, परत बदलली. शेवटी एका रणगाड्याने त्यांना आणि त्यांनी त्याला एकाच वेळी हेरलं. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. आर्चर बनवणाऱ्यांनी जे पंधरा टनांत साधलं, ते या माणसाने टपही नसलेल्या जीपमध्ये साधलं. फक्त आर्चरला एखादी चूक परवडत असावी, जीपला नाही.

पोरगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "गेममध्ये जीप नाहीये."

सेंच्युरियनपाशी मी त्याला लेफ्टनंट कर्नल तारापोर यांच्याबद्दल सांगितलं. पुण्यात शिकलेला माणूस, पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचा कमांडर. पाकिस्तानातल्या फिलोऱ्याला 11 सप्टेंबरला जखमी होऊनही रणगाडा सोडला नाही, 16 तारखेला गेले. तेही परमवीरचक्र. मामांनी टोपी काढून हातात घेतली. आम्ही तिथे काही बोललो नाही.

परतीला मामांना सोडायला राहुरीला गेलो. चहा होईपर्यंत पोरगा मोबाइल घेऊन बांधावर गेला. यंदा मुळेच्या पाटाला पाणी भरपूर, ऊस माझ्या डोक्याच्या हातभर वर. मामांनी मला खूण केली, चपला काढल्या आणि चारीतून आत शिरले. पाती एकदा सळसळली आणि मिटली.

"मामाआजोबा कुठे गेले?" पोराने मागे वळून विचारलं.

"शोध," मी म्हटलं.

तो काठाकाठाने पार विहिरीपर्यंत जाऊन आला. वाकून पाहिलं, टाचा उंचावून पाहिलं, मोबाइलचा कॅमेरा झूम करून पाहिला. तिसऱ्यांदा माझ्याजवळ येऊन थांबला, तेव्हा त्याच्या पाठीमागे हाताच्या अंतरावरून मामा खोकले.